पोटात राहिलेलं

"मावशी, दुखतंय," ती पोरगी म्हणाली आणि पांढऱ्या झग्यासकट पायरीवर मटकन खाली बसली.

चॅपेलच्या दाराशी बावीस मुली दोन रांगांत उभ्या होत्या. डोक्यावर पांढरी ओढणी, हातात न पेटवलेली मेणबत्ती. आत ऑर्गन सुरू झाला होता. पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा, वेदीपुढं प्रसादाची भाकर पहिल्यांदा जिभेवर घ्यायचा दिवस म्हणजे या शाळेतला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. आईबाप कुठून कुठून आले होते, फादर वेदीपाशी पोचले होते, आणि रांगेतली सगळ्यात शेवटची, सगळ्यात बुटकी मुलगी पोट धरून बसली होती.

वर्गाच्या सिस्टर तरातरा मागे आल्या. "नाटकं नकोत हं आता. उठ बघू. सकाळपासून हिचं हे तिसरं निमित्त."

भाकरमावशी मेणबत्त्या पेटवायला काडेपेटी घेऊन उभी होती. 'नाटकं' हा शब्द तिच्या कानावर पडला आणि पेटलेली काडी जळत जळत बोटापर्यंत आली, तेव्हा कुठं तिनं ती टाकली.

"कुठं दुखतंय?" तिनं वाकून विचारलं.

पोरीनं बेंबीच्या उजव्या अंगाला हात ठेवला. "इथं."

"मी हिला दवाखान्यात नेते."

"मावशी, अहो, पाऊण तासात प्रसाद! उपाशीपोटी होतं असं. मिस्सेची प्रार्थना झाली की न्या."

"नंतर नाही," मावशी म्हणाली.

वर्गाच्या सिस्टर बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत भाकरमावशीनं कुणा सिस्टरला 'नाही' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. पण तिनं एकसष्टाव्या वर्षी त्या आठ वर्षांच्या पोरीला कडेवर घेतलं आणि फाटकाकडे चालायला लागली. पोरीच्या हातातली मेणबत्ती पडून तिचे दोन तुकडे झाले. ते मधल्या वातीनं एकमेकांना धरून राहिले.

प्रसादाच्या भाकरी करायची म्हणून ती भाकरमावशी. नुसतं पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही. चॅपेलच्या मागच्या खोलीत तिचा जाड लोखंडी साचा होता. त्याच्या पोटात कोकरू आणि क्रूस उलटे कोरलेले, म्हणजे भाकरीवर सुलटे उठायचे. पापुद्र्यासारखं पातळ पान भाजायचं, ओल्या फडक्यात मऊ करायचं, मग गोल चकत्या कापायच्या. कडेचा उरलेला चुरा मुलींचा. तो मागायला रोज खिडकीत झुंबड. "मावशी, कोकराचा पाय आलाय का गं?" असं विचारायच्या कार्ट्या. ती लटकी रागवायची आणि ओंजळभर द्यायची.

पण लग्नघरी वाढणारणीनं उपाशी राहावं, तशी तिची गत होती. तिच्या हातची भाकर शाळेतल्या प्रत्येक जिभेवर विरघळली, तिच्या एकटीच्या सोडून. मिस्सेला ती मागच्या बाकावर बसायची आणि सगळे उठून पुढं गेले की मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, बाई फार नम्र आहे.

टॅक्सीत पोरीचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती. पोरीच्या कपाळाला घाम होता. तिच्या धाकट्या बहिणीच्याही होता.

आई गेल्यावर वडिलांनी दोघी बहिणींना या शाळेच्या वसतिगृहात आणून ठेवलं तेव्हा मावशी अकरा वर्षांची होती, धाकटी आठ. धाकटी मोठी वस्ताद. शुक्रवारी दुपारी चॅपेलमध्ये क्रूसाची वाट असायची: चौदा चित्रं, प्रत्येक चित्रापुढं गुडघे टेकायचे. धाकटीला त्याचा भारी कंटाळा. शुक्रवार आला की हिचं पोट दुखायचं. दोनदा ती आजारखोलीत झोपून राहिली आणि संध्याकाळी टुणकन उठून लंगडी खेळली. तिसऱ्या शुक्रवारी ती पुन्हा पोट धरून बसली. तेव्हा आजारखोलीच्या दारात उभं राहून ताई सिस्टरना म्हणाली, "नाटकं करते ती, सिस्टर. गुडघे टेकायला नकोत हिला."

रविवारी सकाळी धाकटी गेली. अपेंडिक्स फुटलं होतं.

ते वाक्य तिनं कुणापाशी उच्चारलं नाही. कबुली द्यायला फादरांपुढं तिनं दोनदा गुडघे टेकले आणि दोन्ही वेळा चोरून खाल्लेल्या साखरेबद्दल सांगून उठली. खरं पाप लपवून प्रसाद घ्यायचा तर ते आणखी मोठं पाप, असं शिकवलं होतं. म्हणून मग घेतलाच नाही.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं पोरीचं पोट चारी बाजूंनी दाबून पाहिलं. पोरगी खुदकन हसली.

"गुदगुल्या होताहेत हिला," डॉक्टर म्हणाली. "काही नाही, आजी. काहीतरी खायला द्या हिला."

मावशीनं दोनदा विचारलं. डॉक्टरनं दोनदा तेच सांगितलं. मग दोघी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या.  पोरगी बिस्किटं खात होती आणि मध्येच तिच्याकडे चोरून बघत होती.

"दुखत नव्हतंच ना?" मावशीनं विचारलं.

पोरीनं मान हलवली. "थोडं दुखत होतं. खरंच. मी कबुलीत फादरांना एक गोष्ट नाही सांगितली."

"कोणती?"

पोरीनं इकडं तिकडं पाहिलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "बाळ झालं ना आमच्याकडे, तेव्हा मी देवाला म्हटलं, याला परत घेऊन जा."

"मग? नेलं का देवानं?"

"नाही. रांगतो आता. माझी वही खाल्ली त्यानं."

मावशीला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरून आले. तिनं पोरीची ओढणी सारखी केली. "फादरांना सांगून टाक हो उद्याच. पोटात ठेवलं की पोट दुखतं बाई. वर्षानुवर्षं दुखतं."

त्या परतल्या तेव्हा मिस्सा संपली होती. पोरीची आई फाटकातच उभी होती, तान्ह्याला खांद्यावर टाकून. तिनं आधी पोरीला छातीशी धरलं, काही झालं नाही असं कळल्यावर पाठीत एक धपाटा घातला आणि मग स्वतःच रडायला लागली. हेडसिस्टर वयानं मावशीपेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या. त्यांनी मावशीला ऑफिसात बोलावलं.

"एका मुलीचा दिवस वाया गेला, मावशी. तिच्या आईला मी काय सांगू?"

"सांगा, माझी चूक झाली."

"पण तुम्हाला वाटलं तरी काय?"

"मला वाटलं, खरं असेल," मावशी म्हणाली.

हेडसिस्टरांनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "जा. म्हाताऱ्या सिस्टरांचं जेवण राहिलंय."

म्हाताऱ्या सिस्टर एके काळी आजारखोली सांभाळायच्या. आता तिथल्याच एका खाटेवर त्या पाच वर्षं पडून होत्या. हातपाय गेले होते, पण कान तिखट होते आणि डोकं शाबूत. मावशीच त्यांचं सगळं करायची.

"एका पोरीचा प्रसाद चुकवलास म्हणे," सुपाचा पहिला चमचा गिळून त्या म्हणाल्या.

"चुकवला."

"का गं?"

चमचा वाटीतच राहिला. मावशीनं खिडकीकडे पाहत सुरुवात केली आणि मग तिला थांबता येईना. तिसरा शुक्रवार, हीच खोली, हेच दार. "मी तुम्हाला म्हटलं, नाटकं करते. म्हणून तुम्ही तिला बघितलं नाहीत. मी मारली, सिस्टर, तिला."

म्हाताऱ्या सिस्टरांनी मान तिच्याकडे वळवली.

"असं म्हणाली होतीस तू?"

"तुमच्या हातात जांभळं कापड होतं."

"कापड आठवतं. उपवासाचे दिवस होते, पुतळे झाकायचे होते. तू दारात आलीस, तेही आठवतं. काय बोललीस ते नाही आठवत, पोरी. मी ऐकलंच नसेल. घाईत होते मी."

मावशीनं हातातली वाटी मांडीवर टेकवली.

"मी तिला एरंडेल पाजलं," सिस्टर म्हणाल्या. "पोटाला हातसुद्धा न लावता. असं दुखत असताना ते द्यायचं नसतं, हे मला शिकवलेलं होतं. डॉक्टर मागाहून म्हणाले, त्या तेलानंच घात केला. मठाच्या मदर म्हणाल्या, बाहेर बोलायचं नाही. मी फादरांना सांगितलं. त्यांनी क्षमा दिली. पुढच्या वर्षी पुन्हा सांगितलं, पुन्हा दिली. फादर बदलत गेले. सगळ्यांनी दिली."

"आणि मी?"

"तुला सांगायचं धाडस नाही झालं."

"आत्या मला न्यायला आली होती तेव्हा. तिच्या घरी दोन मुली होत्या माझ्या वयाच्या. तुम्हीच तिला समजावून परत पाठवलंत ना?"

"मीच."

"का?"

"तू डोळ्यांपुढं असलीस की मला विसरता येणार नव्हतं. मला वाटलं, माझं प्रायश्चित्त हेच."

"तुमचं," मावशी म्हणाली.

तिनं वाटी स्टुलावर ठेवली आणि ती व्हरांड्यात जाऊन कठड्याला धरून उभी राहिली. खाली अंगणात फोटो काढणं चाललं होतं. एकवीस मुली पांढऱ्या झग्यांत, मधे फादर. फोटोवाला ओरडून सांगत होता, जवळ या, अजून जवळ या. आत्याचा चेहरा आठवायचा तिनं प्रयत्न केला. लक्षात राहिली होती ती फक्त तिच्या हातातली मोकळी पिशवी, हिचे कपडे भरायला आणलेली. ती पिशवी तशीच परत गेली होती. पन्नास वर्षं जी शिक्षा ती इथं भोगत बसली होती, ती मुळात तिच्या नावची नव्हतीच. रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

फोटो झाले. मुली पांगल्या. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले, आणि दर दोन तासांनी सिस्टरांची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होत.

ती आत गेली. सिस्टरांच्या हनुवटीवर सूप ओघळून वाळलं होतं. तिनं फडकं ओलं करून ते पुसलं. मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून तिनं त्यांना अलगद भिंतीच्या बाजूला वळवलं. पाठीशी उशी दुमडून लावली, गुडघ्यांच्या मधे दुसरी.  भिंत त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर होती.

मावशी थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं खाट भिंतीपासून ओढून घेतली, मधल्या फटीत खुर्ची कशीबशी घुसवली, वाटी उचलली आणि त्यांच्या तोंडासमोर जाऊन बसली. "आ करा," ती म्हणाली.