शहाणा ठरलेला ससा

मी ससा बोलतोय. पांढरा, एक कान काळा, वजन दोन किलो आणि वर थोडं. ते थोडं आळसाचं. एरवी आम्ही ससे बोलत नाही. आमची सगळी भाषा मागच्या पायांत असते. राग आला, भीती वाटली, की जमिनीवर धप्! पण माझे मागचे पाय एका सकाळी मला न विचारता रजेवर गेले, म्हणून तोंड उघडावं लागतंय.

जन्म एका लाकडी खोक्यातला. सहा भावंडांत मीच तेवढा धावून पुढे आलो नाही. एका मुलीने हा गरीब दिसतो म्हणून मला उचललं. माणसं इथेच फसतात. पुढे तिचं लग्न झालं आणि सासर आम्हा दोघांना मिळालं.

घर शिवणकामाचं. पुढच्या खोलीत सासूबाईंचं मशीन, कापायचं टेबल आणि ट्रायलचा पडदा. मुलगा इस्त्री करतो, कपडे पोचवतो. सून काज-बटणं करते आणि बोलत नाही. विचारलं तर "हो आई", न विचारलं तर तेही नाही.

"आमची सून फार शहाणी," सासूबाई गिऱ्हाइकांना सांगत. "आवाज म्हणून नाही. नाहीतर हा!"

हा म्हणजे मी. माझं कर्तृत्वही तसंच. मापाची टेप मी बावीस इंचांपर्यंत खाल्ली होती. एका गृहस्थांच्या नव्या पँटचा पाय इतका कुरतडला, की शेवटी त्यांनी ती अर्धी चड्डी म्हणूनच नेली.

तर त्या दिवशी सून माहेरी गेली होती. मी सकाळी उठायला गेलो आणि पुढचा अर्धा मीच तेवढा उठलो. मागचा अर्धा पोत्यासारखा जागीच. वाटलं, झोपेत असेल. दुसऱ्यांदा जोर केला तर कुशीवर कलंडलो. मग तसाच पडून राहिलो, जणू माझाच बेत होता. पळण्याबद्दल नावाजलेला प्राणी मी; पडलोय हे कबूल कसं करायचं?

आणि गंमत बघा, आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं. "बघ रे," सासूबाई मुलाला म्हणाल्या, "सकाळपासून एक धागा तोडला नाही. सुधारला हो!" त्यांनी चक्क कोथिंबिरीची काडी माझ्यासमोर ठेवली. ती माझ्या तोंडापासून वीतभर लांब होती. मी तिच्याकडे बघत बसलो. "हावरटपणाही गेला," मुलगा म्हणाला.

दुपारी सून आली. पिशवी हातात तशीच ठेवून माझ्यापुढे बसली. काडी पाहिली, माझ्या पोटाखालचं ओलं पाहिलं. मला उचललं तर पाय लोंबकळले.

"आई, हा सुधारलेला नाही! त्याला उठता येत नाहीये!"

इतका मोठा आवाज त्या घरात तिचा कुणी ऐकला नव्हता. मशीन थांबलं.

"अगंबाई, मग त्याने काहीतरी करून दाखवायचं ना!"

"तो काय करणार, आई? बघायला नको कुणी? अहो, स्कूटर काढा!"

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या मागच्या पायाचं बोट चिमटीत धरलं. मी पाय ओढला. हरभऱ्याएवढाच, पण ओढला. "जाणीव आहे," त्या म्हणाल्या. "पाठीला हिसका असेल किंवा नसांचा आजार, तपासू. पाय परत येतील का, आज सांगता येणार नाही. आधी पोट चालू ठेवा. खाणं थांबलं तर हा जाईल."

मग माझ्या अब्रूचे धिंडवडे सुरू झाले. दर दोन तासांनी चाऱ्याची भुकटी कालवून पिचकारीने तोंडात. अर्धी माझ्या मिशांना, अर्धी सुनेच्या बाहीला. पुसणं, कोरडं करणं, कूस बदलणं. माझ्या लेंड्या मोजल्या जात आणि आकडा मोठ्याने जाहीर होई. पहिल्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी बेचाळीस झाल्या, तेव्हा ट्रायलला आलेल्या बाईंनाही ती आनंदाची बातमी कळली.

टेकायला गोल गादी हवी होती. सासूबाईंनी न सांगता माझी मापं घेतली. कंबर छातीपेक्षा चार इंच जास्त भरली. "आजारी म्हणे," त्या पुटपुटल्या, पण गादीला अस्तर मऊ लावलं. आणि शिवताना, मशीनकडेच बघत, सुनेला म्हणाल्या, "तुझंही कधी काही दुखलं-खुपलं तर सांगत जा गं. मला बाई कळत नाही."

सुनेने बटणाचा धागा दातांनी तोडला. मग म्हणाली, "खुर्ची उंच पडते, आई. मान दुखते."

"लग्न झाल्यापासून? तीन महिने?"

"तीन महिने."

आज पंधरावा दिवस. उजवा पाय भार घेतो, डावा अजून ओढत येतो. चार पावलं गेलो की गादीत कोसळतो. मी पूर्वीसारखा धावेन का, कुणाला ठाऊक नाही. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरचा दांडगोबा अचानक गुणी झाला, तर कौतुक जरा लांबणीवर टाका. आधी उचलून बघा.

बरं, निघतो. म्हणजे तुम्ही निघा, मी इथेच आहे. माझी कूस बदलायची वेळ झाली आणि दोघी आल्यात.

"मघाशी डावी झाली. आता उजवी."

"अगं, उजवीच झाली होती!"

"नाही आई, डावी! मी केली होती ना!"

उजवीच झाली होती. पण सून इतकी ठासून बोलतेय, की मी आपला गप्प पडलोय.