माझं वय आणि अर्धी विहीर

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. किती जुना, यावरूनच तर सगळा घोळ झाला. त्या घोळात एका बाईचे दोन उन्हाळे गेले आणि तिनं लावलेली बरीच संत्र्याची झाडं गेली. म्हणून आज तोंड उघडतो आहे, नाहीतर बोलणं हा माझा स्वभाव नाही.

दिसायला मी करडा, पिठाच्या डब्याएवढा, उचलताना कंबर धरेल इतका जड. माझ्या अंगात हरभऱ्याच्या दाण्याएवढे बारीक शंख आहेत. ते एकेकाळच्या गोगलगायींचे. मी तेव्हा दगड नव्हतो, एका तळ्याच्या तळाचा मऊ गाळ होतो. गोगलगायी मेल्या की माझ्यात येऊन निजायच्या. पुढे कधीतरी तापलेला काळा रस वाहत आला, त्यानं तळं झाकलं आणि थंड होऊन त्याचाच कठीण खडक झाला. त्याच्याखाली मी दबून पडलो. मला एवढंच ठाऊक आहे. त्याच्याही आधीचं, अगदी पहिलं, मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा जन्म कुठे आठवतो?

मला उजेड दिसला तो दोन हजार पाच साली, नांदगाव खंडेश्वरजवळच्या भगवंतरावांच्या शेतात. त्या वर्षांत कपाशीनं सगळ्या वऱ्हाडाला दगा दिला होता. पेपर उघडावा तर वाईटच बातमी. भगवंतरावांची बायको कौशल्या धीराची. तिनं कपाशीचा नाद सोडायला लावला आणि संत्र्याची साठ कलमं लावली. कलमांना पाणी हवं, म्हणून विहीर काढायला घेतली. विहिरीचं काम कुर्बानकडे होतं. ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरनं खडकाला भोकं पाडून सुरुंग लावायचे, हे त्याच्या घराण्यात बापापासून चालत आलेलं. तीस फुटांवर त्यानं सुरुंग उडवला आणि मी बाहेर पडलो.

कुर्बाननं मला उलटंपालटं केलं, शंखांवरून बोट फिरवलं आणि वर हाक मारली. "भाऊ, पाहा हे. अन् खाली ओल लागून राहिली. आनखी चार-पाच फूट गेलो का पाणी हाये."

भगवंतरावांनी पाणी हा शब्द ऐकलाच नाही. त्यांना शंख दिसले. शंख म्हणजे देवाच्या हातातली वस्तू, ती पाताळातून वर आली, आता काय बोलायचं? त्यांनी मला विहिरीच्या तळाशी, बरोब्बर मधोमध बसवलं, शेंदूर फासला आणि नारळ फोडला. जिथं देव निघाला तिथंच त्याची जागा. आता देवाच्या बुडाखाली सुरुंग कसा लावणार? काम थांबलं. शेंदरानं माझे शंखच बुजले, म्हणजे ज्यांच्यामुळे मी देव झालो तेच कुणाला दिसेनात. पण हे सांगायचं कोणाला?

शनिवारी मुलगा अमोल घरी आला. तो दर्यापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दगडमाती उपसायच्या क्रेनच्या टोपलीतून खाली उतरला, नखानं शेंदूर खरवडला आणि त्याचे डोळे चमकले. मला वाटलं, सुटलो. तर त्यानं खिशातलं निळं पेन काढलं आणि माझ्या पाठीवर 'नमुना क्र. १' असं लिहिलं. शाळेच्या काचेच्या कपाटात मला ठेवायचं त्याच्या मनात होतं.

मग वाद सुरू झाला. विहिरीतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगावर बापलेक समोरासमोर बसले.

"देवानं मनात आणलं अन् पृथ्वी झाली," भगवंतराव म्हणाले. "डोंगर, नद्या, मानूस, सारं एका टायमाले. हे शंख बी त्यानंच तवाच बसवले."

"बाबा, सहा कोटी वर्षांच्या वर झाले याले. इथं तळं होतं. अन् मानूस काही एका दिवसात नाही आला. हळूहळू बदलत आला."

"म्हंजे माह्या आज्याचा आजा माकड होता, असं म्हनतं तू?"

दर शनिवारी हेच. चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत गाडी माकडापाशी येऊन थांबायची. तिथून एक म्हणायचा पोथी वाच, दुसरा म्हणायचा पुस्तक वाच. मी तीस फूट खाली बसून ऐकायचो आणि वैतागायचो. अरे, ज्याच्यावरून भांडताय तो इथं आहे. एकानं मला शेंदरात बुडवलं, दुसऱ्यानं पाठीवर नंबर घातला. खाली वाकून दोन घटका मला नीट पाहिलं ते फक्त कुर्बाननं, आणि त्याला कोणी विचारत नव्हतं. एकदा भगवंतरावांनी विचारलं, तेही त्याला आपल्या बाजूला ओढायला.

"काहो कुर्बान, तुमच्यातही देवानंच केली ना दुनिया?"

"हो भाऊ, अल्लानंच बनवली," कुर्बान म्हणाला. "पन त्यानं घाईनं बनवली, असं कोनं सांगतलं तुमाले? म्या बाराशे विहिरी खोदल्या. खाली थरावर थर लागते. मले तं बनवनारा लय सबुरीचा वाटते. आता काम सुरू करू का?"

दोघांनाही हे उत्तर आवडलं नाही. काम काही सुरू झालं नाही.

आता तुम्ही म्हणाल, अमोलनं मला उचलून बाजूला का नाही ठेवलं? कौशल्येनंही त्याला हेच विचारलं होतं. तर तो म्हणाला, "आई, प्रश्न विहिरीचा नाही, तत्त्वाचा हाये. मी गुपचूप उचलला तं बाबा म्हनतीन, देवच उठून गेला. त्यायनं आधी कबूल करावं." आणि भगवंतरावांचं म्हणणं, पोरानं आधी हात जोडावे. साऱ्या जगाच्या उत्पत्तीचा निकाल लागल्याशिवाय यांच्या विहिरीला पाच फूट मिळणार नव्हते. मी दगड आहे, मला डोकं नाही, तरी माझं डोकं दुखायला लागलं.

पावसाळ्यात विहिरीत वरचं पाणी साचलं आणि देव बुडाला. दिवाळीनंतर ते आटलं, देव उघडा पडला, पुन्हा शेंदूर. उन्हाळ्यात कौशल्या अर्ध्या कोसावरच्या देवमन नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवरून पितळेच्या गुंडांनी, म्हणजे हंड्यांनी, पाणी आणायची. डोक्यावर एक, कमरेवर एक. रोज वीस कलमांना एकेक तांब्या, म्हणजे एका झाडाची पाळी तिसऱ्या दिवशी. आणि शनिवारी त्याच पाण्यातून वादाचा चहा. भांडण तापलं की कप वाढायचे आणि तेवढी झाडं कोरडी राहायची. वर बसलेल्या दोघांच्या हे ध्यानात येत नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारी अमोल जाडजूड पुस्तक घेऊन आला. भगवंतरावांनीही पोथी आणून ठेवली होती. तिसऱ्यांदा चहाची हाक गेली. कौशल्या आली ती हातात दोन रिकामे गुंड घेऊन. एक तिनं नवऱ्यासमोर ठेवला, एक मुलासमोर.

"चहा पाहिजे न? देवमनच्या विहिरीवरून पानी आना. रस्त्यानं जे बोलायचं ते बोला."

"मी?" भगवंतराव म्हणाले.

"पृथ्वी झाली तवाचं तुमाले सारं मालूम हाये. पानी कुठून येते, तेही एकडाव पाहून घ्या."

ती ओरडली नाही, म्हणूनच बहुधा दोघं उठले. ते बांधाआड गेल्यावर तिनं कुर्बानला खूण केली. त्याला तिनं आदल्या दिवशीच निरोप धाडला होता. ट्रॅक्टर निंबाखाली उभा होता. ती टोपलीत बसून खाली उतरली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्याजवळ आली होती. पदरानं घाम पुसला, माझ्यासमोर हात जोडले आणि हळूच म्हणाली, "देव असशील तं रागावनार नाहीस. दगड असशील तं तुले समजनार नाही. उठ बाप्पा आता."

मित्रांनो, मला समजलं. आणि मी रागावलोही नाही. तिनं मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं तेव्हा तिच्या डोक्यावरची चुंबळ माझ्यावर घसरली. रोजच्या वापरानं चुंबळीच्या चिंध्या झाल्या होत्या.

बापलेक परतले तेव्हा दोघांचेही कपडे ओले होते आणि गुंड अर्धे. वाटेनंही हातवारे चालले असणार. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून भगवंतराव धावत आले. मी विहिरीच्या काठावर, बायकोच्या शेजारी बसलेला त्यांना दिसलो. त्यांनी हातातल्या गुंडाकडे पाहिलं, मान चोळली आणि खाली बसले. त्या दिवशी कोणी चहा मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. साडेचार फुटांवर.

साठातली तेवीस कलमं वाचली. बाकीच्यांच्या काड्या भगवंतरावांनी अजून उपटलेल्या नाहीत. मी आता विहिरीच्या काठावर असतो. कौशल्या माझ्यावर गुंड टेकवते. ओलाव्यानं शेंदूर गेला, निळा नंबरही गेला आणि शंख पुन्हा दिसू लागले. वाद संपला असं मात्र समजू नका. बाप मला अजून देव म्हणतो, मुलगा जीवाश्म म्हणतो. फरक एवढाच, की आता ते दोघं झाडांना पाणी देता देता भांडतात.

मला विचाराल तर भांडा बाबांनो, खुशाल भांडा. मी कुठून आलो हे जाणून घ्यावंसं वाटणं चांगलंच आहे. आणि मला वेळ आहे, मी थांबू शकतो. पण भांडायला बसण्याआधी आजूबाजूला एकदा पाहा, कोण थांबू शकत नाही ते.

परवा संध्याकाळी भगवंतराव त्या वाळक्या रांगेपाशी उभे होते. अमोल मागे येऊन उभा राहिला. भगवंतरावांनी एका काडीला हात लावून विचारलं, "किती वर्साचं होतं रे हे?"

"दोन वर्षांचं," अमोल म्हणाला.

भगवंतरावांनी मान डोलावली. इतक्या दिवसांत कुणाच्या तरी वयावर त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.