तोंड काळं करा

मांजर राखणं कारकुनाच्या कामात बसत नाही, हे सांगायची माझी छाती झाली नाही. १९५८ साल. मी अजून तात्पुरता. मला कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर आणि साहेबांची सही बाईसाहेबांच्या मर्जीवर!

बाईसाहेब पुण्याच्या. मांजर मात्र अस्सल सयामी, मूळ घराणं म्हणे सयामच्या राजवाड्यातलं. अंग सायीच्या रंगाचं. तोंड, कान, पाय, शेपूट काळी. डोळे निळे आणि जरा तिरळे. तिला नवराही नागपूरहून अस्सल पाहून आणला. मग बाईसाहेब चिखलदऱ्याला हवा खायला गेल्या आणि अकोल्याचे बोके हाकलायला मी काठी घेऊन बंगल्याच्या ओट्यावर बसलो. वैशाखात! बी.ए. होऊन!

पिलं झाली तीन. पांढरीफटक. काळा ठिपका औषधालासुद्धा नाही.

बाईसाहेब परतल्या त्या भडकल्याच. "शेषराव, हे गल्लीतल्या बोक्याचं काम! अमरावतीला मैत्रिणीला पिलू कबूल केलंय मी. आईसकट उचला ही टोपली आणि तोंड काळं करा इथून!"

टोपली डोक्यावर घेऊन जठारपेठेत घरी आलो. कागद गेला, हे मला कळून चुकलं होतं.

"लेकरं मांजरीचे, अन् जबाब तुमाले काहून मांगून राहिली ते बाई?" माझी बायको मनकर्णा म्हणाली. घर तव्यासारखं तापलेलं, म्हणून तिनं टोपली रांजणाजवळच्या ओल्या वाळूवर ठेवली.

पंधरा दिवसांनी ती करवादली, "हे मेले चुलीत तोंड घालून राहिले! मी रोज शिकेकाईनं धुवून राहिली, अन् रोज जास्तच काळे!"

मी पिलाचं नाक चोळलं. काजळी नव्हतीच. शेजारी आईचं तोंड पाहिलं आणि कपाळावर हात मारला. या जातीची पिलं जन्मतः पांढरीच असणार, रंग मागाहून! आणि हे ना बाईसाहेबांना ठाऊक, ना नागपूरवाल्यानं सांगितलेलं.

टोपली उचलली आणि तसाच बंगल्यावर गेलो.

"पुन्हा आलात?"

"तुम्हीच म्हणालात ना, तोंड काळं करा? केलंय. तिघांचंही."

पेपराआड साहेब खो खो हसले. सही तिथंच झाली.

रिकामी टोपली घेऊन घरी आलो. "झालो कायम," मी म्हणालो.

मनकर्णानं टोपलीत वाकून पाहिलं.

"अन् माहे पिल्लं?"