ओट्यावरची सावड

बुधीला घाबरत नाही असं माणूस त्या पाड्यात शोधून सापडायचं नाही. सायवनच्या पलीकडे डोंगराकडेला तो पाडा आहे आणि तिथे भाताची आवणी अजून सावडीने होते. आज तुम्ही माझ्या खाचरात भात लावा, उद्या मी तुमच्या खाचरात लावीन. पैशाचं नाव नाही. पण पैसा नाही म्हणजे हिशेबही नाही, असं कोणी समजू नये. तो हिशेब बुधीच्या डोक्यात असतो आणि त्यात पोटच्या पोरीलाही कधी अर्ध्या दिवसाची सूट मिळालेली नाही. पोरगी सासरी सुखात आहे, फक्त आवणीच्या दिवसांत माहेरचं नाव काढत नाही.

अशा बाईचे दोन दिवस रखमीवर चढले होते.

तीन वर्षांमागे बुधीच्या घरची माणसं रखमीच्या खाचरात दोन दिवस वाकली. फेडायची पाळी आली त्याच सकाळी रखमीचा नवरा झिपरू बैलांना पाणी दाखवता दाखवता कोसळला. लकवा. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. तेव्हापासून रखमी घरात. त्याला पेज भरवायची, पुसायचं, कपडे बदलायचे, कुशीवर वळवायचं, की पुन्हा पेजेची वेळ. रखमीचंही वय साठीच्या पुढे गेलेलं. पूर्वी डहाणूच्या वाड्यांत चिकू तोडायला जायची, हातात स्वतःचे चार पैसे असायचे. ते बंद झाले. झिपरूचे निराधार योजनेचे सरकारी पैसे येतात, कधी तुंबतात, आणि आले की गोळ्या-औषधांत जातात.

सावडही बंद झाली. दुसऱ्याच्या खाचरात जी जात नाही, तिने आपल्या खाचरात कुणाला कुठल्या तोंडाने बोलवायचं? एका वर्षी तिने मजूर लावले, त्यात बैल विकले गेले. पुढच्या वर्षी मुलगा दिपक कंपनीतून रजा टाकून आला. अर्धं लावलं, अर्धं पडलं. यंदा रजा मिळाली नाही.

"आये, चिमणशेठला देऊन टाक," तो फोनवर म्हणाला. "तू घरीच असतेस. तुझ्यानं काय होणार?"

चिमणशेठ तलासरीचा गवताचा व्यापारी. माणूस वाईट नव्हता. शेत पडीक ठेवायचं, गवत वाढू द्यायचं, दिवाळीच्या सुमाराला तो कापून नेणार आणि रोख पैसे देणार. पण गवताच्या पैशात वर्षाचा तांदूळ येत नाही, हे रखमीला कोणी शिकवायला नको होतं. आणि एकदा गवताला गेलेलं शेत पुन्हा भाताला आणायचं बळ तिच्यात कुठून येणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरामागे तिने कसंबसं पेरलेलं रोप उंच होऊन पिवळं पडायला लागलं होतं. शेवटी तिने हो म्हटलं होतं आणि उद्या सकाळी शेठ विसाराचे आगाऊ पैसे घेऊन येणार होता.

आणि आज बांधावरून बुधी येताना दिसली.

सौद्याचं हिच्या कानावर गेलं असणार. विसार हातात पडला की आपले दोन दिवस वसूल करायचे, म्हणून आली असणार.

ओट्यावर रोजच्यासारखा बुधीचा आंधळा सासरा लाहू बसला होता. त्याच्या पायाशी शेजारच्या तुक्याची धाकटी पोर चिखलाच्या भाकरी थापत होती. पाड्यातली कुठलीही बाई कामाला निघाली की आधी या ओट्याकडे वळायची. "रखमे, घरीच हायस ना? मग डोशाला ठेवते गं." म्हातारा डोसा असो, म्हातारी डोसी असो, तापातलं पोर असो, रखमी ठेवून घ्यायची. एकाला पेज भरवायचीच आहे, तिथे आणखी एक वाटी. त्यात काय मोठं, असं तिला खरंच वाटायचं. आम्हाला तसं वाटत नाही, पण आम्हाला विचारतो कोण!

बुधी ओट्याला लागायच्या आत रखमीने डालग्याखालची तांबडी कोंबडी काढून पुढे धरली.

"बुधी, पैसे नाय माझ्याकडं. ही ने. तेवढे दोन दिवस फिटले असं म्हण."

बुधीने कोंबडीला खालून-वरून न्याहाळलं. "अंडी घालते?"

"घालते."

"मग देतेस कशाला? ठेव ती खाली. मी हिशेबाला आले."

"जाणते मी."

"काय नाय जाणत." बुधी ओट्यावर बसली. "हा माझा सासरा किती वर्षं बसतो इथं? आवणीला, कापणीला, मी वीटभट्टीवर असताना. तू नसतीस तर कोणी बघितलं असतं त्याला?"

"तू."

"मग माझा रोज बुडला असता. बुडला काय?"

"नाय."

"तो कोणी भरला?"

"मी घरीच होते गं," ती हळूच म्हणाली.

"ते 'घरीच' घाल चुलीत. सावड म्हणजे काय? माझं काम तू करायचं, तुझं काम मी. हा डोसा माझं काम हाय का तुझं?"

"मला सगळं ऐकू येतं," लाहू म्हणाला.

"ऐका मग. रखमे, माझे दोन दिवस कधीच वळते झाले. उलट तुझंच एवढं चढलंय माझ्यावर, की फेडता फेडता मी मरेन. तुक्याच्या घरचं तसंच. बायजीचं, शितलचं तसंच. सगळ्यांच्या दारात जाऊन, उद्या रखमीच्या आवणीला या, असं सांगून आले. कोणी कुरकुर केली नाय."

बुधी दारात उभी असताना कुरकुर करायला छाती लागते, ती गोष्ट वेगळी.

"मग आधी का नाय बोललीस?" रखमीने विचारलं.

"तू बोलावलंस? सावड फेडायला कोणी आपणहून जातं काय? ज्याचं येणं असतं, त्यानं हाक मारायची असते. मला वाटलं, मोठी मानी बाई, मजूर लावते, आपल्याला विचारत नाय. शेत गवताला देतेस ऐकलं, तेव्हा कुठं उमगलं."

रखमी बुधीच्या शेजारी बसली. आपण देणेकरी म्हणून ती तोंड लपवत होती आणि पाडा तिच्या हाकेची वाट बघत होता. तिला हसू यायला हवं होतं, पण रडूच आलं, आणि रडून झाल्यावर छाती इतकी हलकी झाली की ती कोंबडी हातात तशीच धरून बसली आहे, हे कोंबडीची कलकल ऐकून लाहूने विचारल्यावर तिला कळलं.

सकाळी बाया आल्या, पुरुष आले, नांगर आला. सोबत आपापले म्हातारे आणि पोरंही आणून त्यांनी ओटा भरून टाकला. रखमी पदर खोचून खाचरात उतरली, मूठभर रोप लावलं. चिखल घोट्यापर्यंत आला आणि तिला फार बरं वाटलं. तेवढ्यात बुधी ओरडली, "वर हो! तुझं काम ओट्यावर. ते पण सावडीतच धरणार हाय मी."

चिमणशेठ मोटरसायकलवर आला आणि बांधावर थबकला. "मावशी, आ शुं? हे काय चाललंय? आपला सौदा?"

"शेत रिकामं नाय, शेठ," रखमी म्हणाली. एवढं सरळ ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती.

शेठ हसला. पुढच्या वर्षी बघू म्हणाला. पुढच्या वर्षीही बघायचं नाही, असं बुधीने खाचरातूनच सांगितलं.

दुपारी सगळ्यांना भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. मीठ कमी आहे, असं बुधी म्हणाली आणि दोनदा वाढून घेतलं. दिवस कलायच्या आत शेवटचा कोपरा हिरवा झाला.

दिव्याच्या वेळेला दिपकचा फोन आला. रखमी झिपरूला कुशीवर वळवत होती. फोन तिने कान आणि खांद्याच्या मध्ये धरला.

"आये, शेठ म्हणतो आवणी झाली. मजूर लावलेस? पैसे कुठून आणलेस?"

"मजूर कशाला? मी केली."

"तू? कधी?"

"तीन वर्षं करतेय," रखमी म्हणाली. "हितंच, ओट्यावर बसून."