शिडावरची ओळ

नौका क्लबातल्या, दोघांनी मिळून चालवायच्या शिडाच्या होड्या एके काळी अठरा होत्या. आता पाण्यात उतरायच्या त्या पाच. एकाच बांधणीच्या होड्यांची आपसात शर्यत लागते, आणि पाचांची शर्यत म्हणजे घरातल्या घरात पत्ते कुटणं. या होड्यांची सेक्रेटरी होती वहिनी, शाळेत भूगोल शिकवणारी. तिनं ठरवलं, माणसं आपणहून येत नाहीत ना, मग शिडावरच मोठ्या अक्षरांत लिहू: ‘दोघांची होडी. या, बसून बघा.’

काम गेलं तिच्या नणंदेकडे. नणंदेचं नंबरप्लेटांचं आणि काचेवरच्या अक्षरांचं दुकान होतं. पन्नाशी उलटली तरी घरात ती बेबीच. पाण्याची तिला भारी धास्ती. पाणी आंघोळीपुरतं बरं, असं तिचं मत.

शनिवारी सकाळी क्लबच्या हॉलमधली टेबलं भिंतीला लावून दोघींनी शीड जमिनीवर पसरलं. बेबीनं पंखा बंद केला, कापड स्पिरिटनं पुसलं, पेन्सिलीनं रेघ मारली. मग मागचा कागद वीतवीत सोडवत ती विनाइलची निळी अक्षरं पट्टीनं दाबत गेली. एक बुडबुडा राहिला नाही.

“दुसऱ्या बाजूची ओळ जरा खाली घेऊ या का?” वहिनी म्हणाली. “कापड पातळ आहे. उन्हात पलीकडचं दिसतं.”

“वहिनी, वीस वर्षं अक्षरं चिकटवतेय मी. दोन्ही ओळी पाठीला पाठ लावून आल्या की कशा रेखीव दिसतात बघ.”

वहिनीनं शीड उलटं करायला हात लावला.

दुपारी शीड डोलकाठीवर चढलं. ऊन आरपार आलं आणि सुलट्या अक्षरांवर उलटी अक्षरं चढून नुसती गिचमिड झाली. क्लबचा म्हातारा वॉचमन मान तिरकी करून बघत राहिला. “कुठल्या भाषेत आहे हो?” त्यानं अगदी मनापासून विचारलं.

बेबीचं तोंड एवढंसं झालं. वहिनी शीड उतरवायला लागली. “हेअर ड्रायर आणते,” म्हणाली.

एका बाजूची ओळ काढायला दोन तास लागले. वहिनी ऊब द्यायची, बेबी नखानं कड उचलून अक्षर हळूहळू सोलायची.

“बोल की, सांगितलं होतंस म्हणून,” बेबी म्हणाली.

“उद्या बोलेन. आज हात दुखताहेत.”

“उद्या शर्यतीत तुझ्याबरोबर कोण आहे?”

“कोणी नाही. होडीत जोडीला असायची ती मैत्रीण लेकीकडे राहायला गेली, तेव्हापासून मी काठावर बसून वेळा लिहिते. सहा महिने झाले.”

बेबीचा हात थांबला. एका घरात राहून तिला हे ठाऊक नव्हतं. “मग हे शीड?”

“होडी धक्क्याला बांधून ठेवीन. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल.”

“बांधलेल्या होडीवर ‘बसून बघा’? माझ्या दुकानाची अब्रू जाईल.” बेबीनं पुढचं अक्षर ओढलं. “मी येते.”

“तू? पाण्यात?” वहिनी म्हणाली.

नवी ओळ वीतभर खाली लागली. रविवारी बेबी लाइफ जॅकेट आवळून होडीत बसली. “शिडाचा आडवा दांडा फिरताना मी सांगेन, तेव्हाच डोकं खाली घाल,” वहिनीनं बजावलं होतं; बेबीनं निम्मी शर्यत वाकूनच काढली. दोऱ्या चुकीच्या ओढल्या, एकदा वहिनीच्या पायावर बसली. पाचांत पाचवा नंबर आला. पण ओळ दोन्ही बाजूंनी लांबून स्वच्छ वाचता येत होती.

धक्क्यावर दोन नर्स सुट्टीच्या दिवशी फिरायला आल्या होत्या. “काहीच येत नसलं तरी चालतं का?” त्यांनी विचारलं.

बेबी ओल्या कपड्यांनीच उतरली. “मला बघितलंत ना? मग!”

वर्षअखेरीला पाचांच्या आठ झाल्या. अठरा काही झाल्या नाहीत. बेबी दर रविवारी जाते. धक्का सुटेपर्यंत अजून भीती वाटते, असं ती सांगते. नंतर दोऱ्यांतून हात मोकळे नसतात, त्यामुळे भ्यायला सवड होत नाही.