बसून राहिलेली अंधेरी शाखा

नोकरीतून सुटलेल्या माणसांनी एकत्र येऊन काय करावं? बाकीचे लोक पत्ते कुटतात, देवळात जातात, सुनांच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. सरकारी पेन्शनरांनी मात्र पुन्हा एक सरकार उभं केलं. त्याला नाव दिलं ‘उपनगर निवृत्त सेवक संघ’. तळाला स्टेशनागणिक एकेक शाखा: अंधेरी, पार्ले, बोरिवली, तिकडे घाटकोपर नि मुलुंड. शाखांच्या डोक्यावर विभाग, एक पश्चिमेचा, एक पूर्वेचा. विभागांच्या डोक्यावर गिरगावातलं मध्यवर्ती मंडळ. शाखेनं ठराव करून विभागाला सादर करायचा, विभागानं शेरा मारून मंडळाला सादर करायचा, आणि मंडळानं जे ठरवलं ते त्याच जिन्यानं पायरी पायरी खाली यायचं. सादर म्हणजे वर आणि आदेश म्हणजे खाली, ही एवढी गोष्ट जन्मभर अंगात मुरलेली माणसं ती. त्यांना दुसरी रचना सुचलीच नसती.

अंधेरी शाखेचे चिटणीस विद्याधर टिपणीस. सगळे त्यांना भाऊ म्हणत. कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. साहेबांच्या वतीनं इतकी पत्रं लिहिली होती, की स्वतःच्या वतीनं काही म्हणायची वेळ आली की भाऊंचा घसा कोरडा पडे. त्यांच्याच कचेरीत इसिडोर मिस्किटा पट्टेवाला होता. मरोळच्या गावठाणातला, घरची थोडी भातशेती असलेला, तोंडानं फटकळ. पट्टा उतरवला त्या दिवसापासून इसिडोरनं भाऊंना ‘साहेब’ म्हणणं सोडलं, आणि भाऊंना त्याचं बरंच वाटलं. शाखा निघाली तेव्हा भाऊंनी स्वतः मरोळला जाऊन त्याला सभासद केलं होतं. यंदा तर शाखेनं त्याला विभागावर आपला प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं. कारण साधं होतं. विभागाच्या बैठकीत बाकीचे प्रतिनिधी चहा पिऊन परत येत, आणि हा भांडून येईल अशी शाखेची खात्री होती.

भांडण वरच्यांनीच आधी उकरलं. दसरा झाला आणि मंडळाचा आदेश आला: यापुढे पट्टेवाले, हमाल, पोस्टमन वगैरे खालच्या श्रेणीतले निवृत्त लोक ‘सहयोगी सभासद’ समजले जातील. त्यांनी सभेला यावं, ऐकावं, चहा घ्यावा. त्यांना मत नाही आणि पद नाही. प्रत्येक शाखेनं सर्वसाधारण सभेत याला मान्यता द्यावी. म्हणजे इसिडोरचं मत जाणार, निवडून मिळालेली जागाही जाणार, आणि ती घालवायची कुणी, तर त्याच्याच शाखेनं.

अध्यक्ष आजारी होते, त्यामुळे सभा भाऊंनीच चालवायची होती. मराठी शाळेचा वर्ग, पोरांची बुटकी बाकं. त्यावर बसलं की म्हाताऱ्यांचे गुडघे हनुवटीला लागत. इतर शाखांत म्हणे अधिकाऱ्यांना खुर्च्या, कारकुनांना बाकं आणि पट्टेवाल्यांना भिंत, अशी सोय असे. अंधेरीला खुर्ची एकच, आणि तिचाही एक पाय डुगडुगता, त्यामुळे समता आपोआपच नांदत होती. हात वर करून मत द्यायची पद्धत शाखेनं सोडून दिली होती, कारण निम्म्यांचे खांदे आखडलेले. बाजूनं असेल त्यानं उभं राहायचं आणि विरोधात असेल त्यानं बसून राहायचं, असा रिवाज पडला होता.

भाऊंनी आदेश वाचला. म्हणाले, “मान्यता द्यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी उभं राहावं.”

कोणी हललं नाही. भाऊंना मनातून उकळ्या फुटल्या. ‘फेटाळला’ असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच दारात कोणीतरी खाकरलं.

ते खाकरणं वर्गातल्या निम्म्या लोकांच्या ओळखीचं होतं. पश्चिम विभागाचे अध्यक्ष, माजी डेप्युटी कलेक्टर, रावसाहेब कोतवाल. इंग्रज जाऊन दहा वर्षं होत आली तरी त्यांचा रावसाहेब काही गेला नव्हता. डोक्याला काळी टोपी, हातात काठी. शाखांचं कसं चाललंय ते बघायला पार्ल्याहून स्वतः आले होते.

आणि अख्खा वर्ग उभा राहिला. गुडघे कुरकुरले, कुणाची काठी पडली, पण एकूण एक उठला. ज्यांना बाकावरून उठताना एरवी दोघांचा हात लागे तेही उठले. भाऊ उठले. इसिडोर तर सगळ्यांत आधी उठला, कारण कचेरीत साहेबांच्या दाराशी उभं राहण्यातच त्याचा जन्म गेला होता.

रावसाहेबांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर भाऊंनी सुवाच्य अक्षरात ठराव लिहून ठेवला होता. “वा,” रावसाहेब म्हणाले, “एकमतानं. अंधेरीकडून एवढ्या शिस्तीची अपेक्षा नव्हती. लिहा टिपणीस, सर्वानुमते मंजूर.”

‘लिहा टिपणीस’ हे शब्द कानावर पडले, आणि भाऊंच्या हातानं भाऊंना न विचारता लिहून टाकलं. रावसाहेबांनी खाली सही ठोकली, चहा नको म्हणाले आणि निघून गेले. लोक खाली बसले तेव्हा कुठे काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. स्वतःचं मत घालवायच्या ठरावाला इसिडोर मिस्किटानं उभं राहून पाठिंबा दिला होता.

भाऊ त्याच्याकडे जाईपर्यंत तो चपला घालून चालता झाला होता.

घरी उत्तराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याला सांभाळून घ्यायची त्यांना सवय नव्हती. “तुमचं सगळं आयुष्य असंच गेलं,” त्या म्हणाल्या. “कोणी खाकरलं की उभे, कोणी लिहा म्हटलं की लिहा. आता पेन्शनीत तरी माणसासारखे बसा.” भाऊंना राग आला, पण तो नेमका कुणाचा आला ते कळेना. जेवण तसंच टाकून ते मरोळच्या रस्त्याला लागले.

इसिडोर ओटीवर बसून विळ्याला धार लावत होता. कापणीचे दिवस होते. त्यानं भाऊंना बसा म्हटलं नाही.

“इसिडोर, चूक झाली.”

“कोनाची?” त्यानं मान वर न करता विचारलं. “मी उबा रायलो ती सवय. पोटासाठी लावून घेतलेली. तुमी लिवलंत ती कसली सवय, भाऊ? तुमाला तर म्हाईत होतं, कोन कशासाठी उठलंय ते.”

त्यानं विळा पुन्हा दगडावर घासला.

“तुमीच आलावतात माज्या दारी. इसिडोर, सभासद हो, सगळे सारखे. मी म्हटलं, चला, मेल्याआधी एकदा तरी सारखं बसू. वाट लावलीत ना यार.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं भाऊंना ‘यार’ म्हटलं होतं, तेही शिवी घालावी तसं. भाऊंना शरम वाटली. इतकी, की कचेरीत साहेबांनी सगळ्यांदेखत कागद तोंडावर फेकला होता तेव्हाही वाटली नव्हती. त्या दिवशी निदान चूक दुसऱ्याची होती.

“मी सभा परत बोलावतो,” भाऊ म्हणाले.

“परवानगी लागेल विभागाची.”

“मागणार नाही.”

इसिडोरचा विळा थांबला. भाऊंच्या तोंडून असलं वाक्य त्यानं कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर भाऊंनीही ऐकलं नव्हतं.

पुढच्या रविवारची सूचना भाऊंनी शाळेच्या फाटकावर लावली आणि एक प्रत पार्ल्याला धाडली. शेवटी ‘सविनय सादर’ लिहायला लेखणी आपसूक वळली, तिला आवरून त्यांनी ‘कळावे’ एवढंच लिहिलं. हा शब्द फक्त वरच्यांनी खालच्यांना लिहायचा असतो. रावसाहेबांना तो बरोबर झोंबणार हे भाऊंना ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो लिहिताना त्यांना फार बरं वाटलं.

रविवारी सभासद लवकर जमले. भाऊ म्हणाले, “मंडळी, गेल्या खेपेला आपण मतासाठी उठलो नाही, खाकरण्यासाठी उठलो. रावसाहेब आज पुन्हा येणार. ते आले की बसून राहायचं. जमेल?”

“न जमायला काय झालं?” धोंडोपंत म्हणाले. हे पोस्टातले निवृत्त कारकून, वयानं सर्वांत थोर आणि तंबाखूमुळे बोलणं जरा अस्पष्ट.

“मग करून बघू. इसिडोर, तू बाहेर जा आणि रावसाहेब हो.”

इसिडोरला रावसाहेब व्हायला हवंच होतं. भाऊंची काळी टोपी आणि कुणाचीशी काठी घेऊन तो बाहेर गेला, आणि व्हरांड्यातून असा काही खाकरला की निम्मा वर्ग बाकांवरून अधांतरी झाला. खुद्द भाऊ पुरते उठले होते.

“झकास,” दारात उभा राहून इसिडोर म्हणाला. “माज्यासाठी उबे रायलात. आता मेलो तरी चालेल.”

हसून हसून पुरेवाट झाली. पुन्हा करून पाहिलं. या खेपेला थोडे उठले. मग एकानं युक्ती काढली की दोन्ही हातांनी बाक धरून ठेवायचं. माणसं चालायला शिकतात, ही म्हातारी माणसं बसायला शिकत होती. हळूहळू टोपीचा धाक ओसरला आणि इसिडोरचं खाकरणं वाया जाऊ लागलं, तेव्हा टोपी-काठी परत देऊन तोही आपल्या बाकावर येऊन बसला.

तेवढ्यात खरं खाकरणं आलं.

भाऊंनी खुर्चीची कड घट्ट धरली. गुडघे आपणहून वर येऊ पाहत होते, त्यांना ते मनातल्या मनात दरडावत होते. रावसाहेब आत आले. नेहमीप्रमाणे दारात क्षणभर थांबले. माणसं उठतात, मग हातानं खाली बसा म्हणायचं असतं, त्यासाठी त्यांचा हात अर्धा वर आलाही होता. कोणी उठलं नाही. हात तसाच राहिला.

“टिपणीस, हा काय प्रकार आहे?”

 भाऊ बसूनच बोलले. “सभा आहे, रावसाहेब. गेल्या वेळचा ठराव आम्ही रद्द करतो आहोत. त्या दिवशी लोक आपल्याला मान द्यायला उठले होते. ते मत नव्हतं.”

“मी सही केलेला ठराव? माझ्या परवानगीशिवाय बोलावलेल्या सभेत?”

“शाखा आमची आहे. परवानगीही आमचीच.”

रावसाहेबांचा चेहरा लाल झाला. “शिपायांना मतं द्यायला निघालात? उद्या हे तुमच्या डोक्यावर बसतील.”

“डोक्यावर नाही, बाकावर बसलेत,” भाऊ म्हणाले. आता त्यांना भीती वाटेनाशी झाली होती, नुसता संताप होता, आणि तो भलताच मोकळा करणारा होता. “कचेरीत श्रेणी होती, ती कचेरीबरोबर सुटली. मी आता हेडक्लार्क नाही. हा पट्टेवाला नाही. आणि माफ करा, आपणही आता डेप्युटी कलेक्टर नाही.”

असं रावसाहेबांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी काठी आपटली. “ठीक. शेवटचं विचारतो. ज्याला संघात राहायचं असेल त्यानं आत्ता उभं राहावं. नाहीतर या शाखेची मान्यता गेली असं समजा. वर तुमचा एक कागद जाणार नाही.”

ही धमकी पोकळ नव्हती. पेन्शन अडली, नाव चुकलं, की संघाच्या कागदानंच काम होई.  आणि मग मागच्या बाकाचा आवाज झाला. धोंडोपंत उठत होते. बाकाला रेटा देऊन ते हळूहळू सरळ उभे राहिले.  एक उठला की दुसरा उठणार, हे भाऊंनी कचेरीत हजारदा पाहिलं होतं.

“बघा,” रावसाहेब म्हणाले. “वयाबरोबर अक्कल येते.”

“मला मुतारीला जायचंय,” धोंडोपंत म्हणाले. “चिटणीस, माझं मत बसलेलं धरा.” आणि रावसाहेबांना वळसा घालून ते बाहेर गेले.

कोणी हसलं नाही. हसायचं ते नंतर आठवडाभर हसले. रावसाहेब तेवढे एकटे वर्गात उभे होते, आणि इतक्या बसलेल्या माणसांत उभं कसं राहायचं ते त्यांना कळत नव्हतं. इसिडोर आपल्या बाकावर थोडा सरकला. “बसा ना रावसाहेब,” तो म्हणाला, “जागा हाय.” त्यात टोमणा नव्हता. म्हातारा माणूस उभा आहे म्हणून म्हटलं होतं. रावसाहेबांनी त्या बुटक्या बाकाकडे पाहिलं, इसिडोरकडे पाहिलं, आणि काठी टेकत ते निघून गेले.

भाऊंनी ठराव मताला टाकला. प्रत्येकाचं नाव घेऊन विचारलं, आणि पहिलं नाव घेतलं ते इसिडोर मिस्किटाचं. “रद्द,” इसिडोर म्हणाला. मग सगळ्यांनी तेच म्हटलं. परत आलेल्या धोंडोपंतांनी तर दोनदा म्हटलं.

“पन भाऊ,” इसिडोर म्हणाला, “प्रतिनिधी म्हनून आता मला पाठवनार कुठं? वरची माडीच गेली की आपली.”

“गेली खरी.”

“मग हा ठराव सादर कोनाला करायचा?”

भाऊंनी कागद पुढे ओढला. वर्षानुवर्षं ते कागदाच्या खाली सही करत आले होते, आणि सहीच्या खाली ‘साहेबांकरिता’. आज कोणाकरिता लिहायचं ते त्यांना पटकन सुचेना.  मग नुसतं ‘विद्याधर टिपणीस’ एवढंच लिहिलं आणि कागद बाकावर इसिडोरपुढे सरकवला.

“तुला,” भाऊ म्हणाले. “वाच, आणि चुकलं असेल तर परत पाठव.”