लाँड्रीच्या नावावरचे आवाज

नव्या संगणकप्रमुखाला हॉस्पिटलात सगळे यादीसाहेब म्हणत, आणि हे त्याला ठाऊकही होतं. आल्या दिवसापासून त्याने एकच धोशा लावला होता: क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या प्रत्येक जागेला, म्हणजे सबस्क्रिप्शनला, एक मालक हवा आणि बिल सोसणारा एक विभाग हवा. ज्याला मालक नाही, ते शुक्रवारी बारा वाजता बंद आणि आतलं सगळं साफ. चोपन्नांपैकी त्रेपन्नांचा त्याने निकाल लावला. चोपन्नाव्याने मात्र त्याचं डोकं खाल्लं. त्याचा मालक म्हणून नोंदवलेला तंत्रज्ञ वर्षापूर्वीच नोकरी सोडून गेला होता, तरी बिल दर महिन्याला बिनबोभाट मंजूर होत होतं. आणि मंजूर कोण करत होतं, तर लाँड्री!

गुरुवारी दुपारी तो लिफ्टमध्ये शिरला. लिफ्टवाल्याच्या गळ्याला मफलर होता. त्याने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि मोबाइल खर्जातल्या आवाजात म्हणाला, "कितवा मजला, साहेब?"

"तळघर," यादीतून मान वर न काढता यादीसाहेब म्हणाला.

खाली वाफेने त्याचा चष्मा धुरकटला. लाँड्रीप्रमुख मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या.

"मावशी, क्लाउडवर ठेवता तरी काय तुम्ही? चादरींचे फोटो?"

"आवाज," मावशी म्हणाल्या. "घशाच्या ऑपरेशनआधी पेशंटचा आवाज भरून ठेवतात. मग त्याने मोबाइलवर लिहिलं की मोबाइल त्याच्याच आवाजात बोलतो. तो तंत्रज्ञ बिचारा सगळ्या विभागांत फिरला, पण बिल कुणी अंगावर घेईना. मी म्हटलं, घाला माझ्या नावावर."

"पैसे कुठून काढता?"

"साबणातून. मोजून वापरला की उरतो."

यादीसाहेबाने लॅपटॉप उघडून पाहिलं. दोनशे अकरा माणसांचे आवाज होते. उद्या बारा वाजता ते त्याच्याच हुकमाने पुसले गेले असते.

"ऐकलेत कधी?"

"मी कशी ऐकणार? मी नुसती बिलावर सही करते. आत जायची परवानगी मालकाला." मावशींनी पुढची चादर ओढली. "आमच्या ह्यांचं ऑपरेशन हे सगळं सुरू व्हायच्या आधीच झालं. त्यांचा आवाज कुणी भरलाच नाही. चहा हवा असला की टेबलावर दोनदा टकटक करतात."

दोन खुर्च्यांचं बिल दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यासाठी महिना घालवणारे विभागप्रमुख यादीसाहेबाने ढीगभर पाहिले होते. असं माणूस त्याने पाहिलं नव्हतं. तो तिथेच चादरींच्या गाठोड्यावर बसला आणि मालकाच्या रकान्यात त्याने स्वतःचं नाव घातलं.

"झालं मावशी, मालक मी. बिलही माझ्या विभागावर घेतो."

"बिल राहू द्या माझ्याकडे. मला सांगा, तुमच्यानंतर कोण? मागचा तंत्रज्ञही असाच मालक झाला होता."

यादीसाहेब ओशाळला. त्याच्या एवढ्या मोठ्या यादीत हा रकानाच नव्हता. त्याने तो मुकाट्याने जोडला आणि लिहिलं: 'लाँड्रीप्रमुख, त्या वेळी जे कोणी असतील ते.'

वर जायला तो लिफ्टमध्ये शिरला. मफलरवाल्याने टाइप केलं.

"कितवा मजला, साहेब?" मोबाइलने विचारलं.

यादीसाहेबाने या वेळी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याने नुसती चार बोटं दाखवली.